सुखाचा अभ्यास: नेमकं कोणतं सुख मोजलं?

रानजाई

मध्यंतरी इथल्याच एका धाग्यावर 'सकारात्मक मानसशास्त्र म्हणजे हसत राहा, चांगला विचार करा, सगळं छान होईल' असा सूर निघाला होता. मी हा विषय पदवीच्या वर्गाला शिकवते आणि तो सूर मला मनापासून खटकला. तिथे चारपाच ओळींत उत्तर देण्यापेक्षा स्वतंत्र धागा काढते आहे. लांबेल, तेवढं चालवून घ्या.

ज्या माणसाने या शाखेला नाव मिळवून दिलं, त्या मार्टिन सेलिगमनची कारकीर्द सुरू झाली ती कुत्र्यांवरच्या प्रयोगांपासून. १९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याने आणि स्टीव्हन मायरने कुत्र्यांचे गट केले. एका गटाला विजेचा धक्का बसे, पण डोक्याने फळी दाबली की तो थांबे. दुसऱ्या गटाला अगदी तेवढेच आणि त्याच वेळी धक्के बसत, फक्त त्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नसत. तिसऱ्याला धक्केच नव्हते. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला बुटका अडथळा ओलांडला की सुटका होती. पहिल्या आणि तिसऱ्या गटातली कुत्री पटकन उडी मारायला शिकली. दुसऱ्या गटातली बहुतेक तिथेच पडून कण्हत राहिली. वेदना दोन्ही गटांना सारखीच झाली होती. फरक होता तो ताब्याचा. (प्राण्यांशी असं वागणं आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे.)

यावर 'शिकलेली असहायता' हा सिद्धान्त उभा राहिला आणि नैराश्याच्या अभ्यासात त्याला मोठं स्थान मिळालं. पुढची गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांपर्यंत अजून नीट पोचलेली नाही. २०१६ साली, जवळपास पन्नास वर्षांनी, मायर आणि सेलिगमन या दोघांनीच लिहिलं की मूळ सिद्धान्त उलटा होता. मायर दरम्यान मेंदूविज्ञानाकडे वळला होता आणि उंदरांच्या मेंदूवर त्याने वर्षानुवर्षं काम केलं. त्यातून दिसलं ते असं: त्रास लांबला की गप्प पडून राहणं ही सस्तन प्राण्याची उपजत प्रतिक्रिया आहे. मेंदूच्या तळाशी डॉर्सल रॅफे न्यूक्लियस नावाचा भाग आहे, तो ही प्रतिक्रिया चालवतो. असहायता शिकावी लागत नाही. शिकावा लागतो तो ताबा. 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे कपाळामागच्या मेंदूला उमगलं की तोच त्या खालच्या भागाला आवर घालतो.

मला हा या शाखेतला सगळ्यात मोलाचा निष्कर्ष वाटतो. हातपाय गाळून बसलेल्या माणसाला 'तू चुकीचं काही शिकलास' असं ऐकवण्यात अर्थ नाही. त्याच्या एखाद्या कृतीने काहीतरी बदललं असा अनुभव त्याला मिळायला हवा.

आता शाखेविषयी. १९९८ साली सेलिगमन अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा अध्यक्ष झाला. त्याचं म्हणणं होतं की दुसऱ्या महायुद्धानंतर माजी सैनिकांवरचे उपचार आणि मानसिक आजारांवरचं संशोधन यांना सरकारी पैसा मिळाला, त्यातून कितीतरी आजारांवर इलाज सापडले, पण धडधाकट माणसाचं आयुष्य चांगलं कशाने होतं हा प्रश्न मागे पडला. २००० साली त्याने आणि मिहाय चिक्सेंटमिहायने मिळून शाखेची रूपरेषा मांडली. नाव मात्र जुनं: अब्राहम मॅस्लोने १९५४ मध्येच ते वापरलं होतं. आणि सेलिगमन-चिक्सेंटमिहाय यांच्या आधीपासून लोक हे काम करत होते. एड डीनरने १९८४ मध्ये 'व्यक्तिनिष्ठ सुस्थिती'ची, म्हणजे माणसाला स्वतःला आपलं आयुष्य कसं वाटतं याची, मांडणी केली होती, कॅरल रिफने १९८९ मध्ये सहा अंगं मांडली होती: स्वतःचा स्वीकार, आपुलकीची नाती, स्वायत्तता, भोवतालावर पकड, हेतू आणि वाढ. रिफच्या यादीत 'आनंदी वाटणं' कुठेच नाही, हे लक्षात घ्या.

माझा मुख्य मुद्दा इथे येतो. 'माणूस सुखी आहे का' या एका प्रश्नात निदान तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. एक, एकूण आयुष्याकडे बघून तो काय निवाडा देतो. दोन, काल दिवसभरात त्याला कसं वाटलं. तीन, तो नीट जगतोय का, म्हणजे कुणाचा आहे का, काही करू शकतो का, कशासाठी उठतो. या तिघांची उत्तरं एकाच माणसाची वेगवेगळी येऊ शकतात. 'संशोधन सांगतं की...' अशा थाटात जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, त्यातला निम्मा गोंधळ हे तीन प्रश्न एकत्र कालवल्याने होतो.

आणि हे सगळं पुन्हा आजारापासून वेगळं. कोरी कीजने २००२ साली तीन हजारांवर अमेरिकन प्रौढांची माहिती तपासली. जेमतेम १७ टक्के लोक बहरलेले निघाले. १२ टक्क्यांच्या आसपास लोक असे होते की ज्यांना निदान करण्याजोगं नैराश्य नव्हतं, पण आयुष्यात रसही नव्हता. मरगळलेले. डॉक्टरकडे गेले तर 'तुम्हाला काही झालेलं नाही' म्हणून परत येतील अशी ही माणसं. आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत एखादं असतंच.

प्रश्न विचारा. जमेल तसं उत्तर देते.

सह्यकडा

उत्तम धागा, वाचनखूण साठवली आहे. २०१६ चा भाग मला पूर्ण नवीन.

एक शंका. लॉटरी लागलेला माणूस आणि अपघातात पाय गेलेला माणूस, वर्षभराने दोघंही सारखेच सुखी असतात, हे कितीतरी भाषणांत ऐकलंय. माणूस कशालाही सरावतो, असा त्याचा अर्थ लावतात. हे कितपत खरं?

आकडेमोड

रानजाई उत्तर देतीलच, पण हा माझा आवडता विषय असल्याने मध्ये बोलतो. तो अभ्यास ब्रिकमन, कोट्स आणि जॅनॉफ-बुलमन यांचा, १९७८ चा. लॉटरी जिंकलेले २२ जण, तुलनेसाठी २२ जण, आणि अपघाताने कमरेखालचं अंग किंवा हातपाय चारही लुळे पडलेले २९ जण. आत्ता किती सुखी, हे ० ते ५ मध्ये विचारलं. लॉटरीवाले ४.००, सामान्य ३.८२, अपघातग्रस्त २.९६.

म्हणजे अपघातग्रस्त इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी सुखी होते! 'दोघंही सारखे' हे त्या शोधनिबंधातच नाही. लॉटरीवाले आणि सामान्य यांच्यात फारसा फरक नाही, एवढंच त्यात होतं, आणि २२ माणसांवरून तेही किती ताणायचं? पुढे रिचर्ड लुकासने जर्मनी आणि ब्रिटनमधल्या, त्याच लोकांना वर्षानुवर्षं विचारलेल्या पाहण्या तपासल्या. गंभीर अपंगत्वानंतर समाधान खाली येतं आणि पुष्कळसं खालीच राहतं असं त्याला दिसलं.

'माणूस कशालाही सरावतो' हे वाक्य भाषणात छान वाटतं, पण त्याच्या आडून रॅम्प बांधायचं टाळता येतं. म्हणून मला ते धोकादायक वाटतं.

रानजाई

आकडेमोड, शेवटच्या परिच्छेदासाठी मनापासून धन्यवाद. वर्गात मी हे नक्की सांगणार.

लॉटरीबद्दल थोडी भर. स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट, ओस्टलिंग आणि सेसारिनी यांनी मोठ्या बक्षिसांच्या विजेत्यांना बऱ्याच वर्षांनी गाठलं, निष्कर्ष २०२० मध्ये आले. आयुष्याबद्दलचं समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलं टिकून होतं. रोजच्या आनंदावर आणि मानसिक आरोग्यावर मात्र परिणाम बराच कमी दिसला. म्हणजे पुन्हा तेच: पहिला प्रश्न विचारला तर पैशाने फरक पडतो, दुसरा विचारला तर थोडा.

नाशिकची_द्राक्षं

मग पंचाहत्तर हजार डॉलरनंतर पैसा सुख वाढवत नाही, ते काय प्रकरण? आमच्या अमेरिकेतल्या भाच्याने ते वाचून नोकरी बदलली नाही म्हणे!

रानजाई

ते २०१० चं, डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांचं. गॅलप या जनमत पाहणी करणाऱ्या संस्थेकडच्या साडेचार लाख उत्तरांवर आधारलेलं. त्यांनी म्हटलं होतं की 'काल कसं वाटलं' हे वर्षाला ७५,००० डॉलरच्या आसपास सपाट होतं, पण 'एकूण आयुष्य कसं' हे त्यापुढेही चढत राहतं. बातमी झाली ती फक्त पहिल्या अर्ध्या वाक्याची.

२०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थने ३३ हजारांवर नोकरदार अमेरिकनांना फोनवर दिवसात मध्येच 'आत्ता कसं वाटतंय' असं विचारलं. त्याला कुठेही सपाटी दिसली नाही. यापुढे जे झालं ते मला फार आवडतं. एकमेकांवर लेख लिहून भांडण्याऐवजी कानमन आणि किलिंग्जवर्थ एकत्र बसले, बार्बरा मेलर्स मध्यस्थ झाल्या, आणि २०२३ मध्ये तिघांनी मिळून निष्कर्ष छापला. सगळ्यात दुःखी अशा वीसेक टक्के लोकांचं दुःख पैशाने एका मर्यादेपर्यंतच कमी होतं, साधारण एक लाख डॉलरपर्यंत. उरलेल्यांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढतच जातं. वियोग, आजारपण, नैराश्य अशा गोष्टी एका टप्प्यानंतर पैशाने हलत नाहीत, असा त्याचा अर्थ मी लावते. कानमन तेव्हा नव्वदीला टेकले होते. पुढच्याच वर्षी ते गेले.

भाच्याला सांगा, नोकरी बदलायची की नाही ते या आलेखावरून ठरवू नकोस!

कृष्णाकाठ

लेख चांगला आहे, पण आमच्या गावाकडे या आलेखांची गरज कुणाला पडली नाही. आमच्याकडे ऊसतोडीला येणारी माणसं बघा. पाचटाची खोपी, पण संध्याकाळी चूल पेटली की हसणं-खिदळणं चालू. शहरात एसीत बसून गोळ्या खातात. गरिबाला सुखी कसं राहायचं ते आधीच माहीत असतं.

रानजाई

कृष्णाकाठ, तुम्ही पाहिलेलं हसणं खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण इथे थांबते.

रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर या बापलेकांनी नेमका हाच प्रश्न घेऊन कोलकात्यात काम केलं. झोपडपट्टीतले रहिवासी, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, फुटपाथवर राहणारे, अशा ८३ जणांशी ते बोलले. २००१ मध्ये ते छापून आलं. कुटुंब, मित्र, स्वतःचा स्वभाव अशा एकेका गोष्टीबद्दल विचारलं तेव्हा लोक समाधानाच्या बाजूला होते. एकूण आयुष्याबद्दल विचारलं तेव्हा सरासरी मध्यरेषेच्या किंचित खाली आली. पाश्चात्त्य वाचकाला वाटेल त्यापेक्षा ही माणसं बरी होती, नात्यांनी त्यांना सावरलं होतं. पण ती सुखी होती असं त्या दोघांनी म्हटलेलं नाही.

चुलीपाशी हसणाऱ्या बाईला 'काल हसलात का' विचारलं तर ती हो म्हणेल. 'मुलीने हेच आयुष्य जगावं का' विचारून बघा. तिचं दुसरं उत्तर ऐकून न घेता पहिलं आपण तिच्या वतीने सांगत सुटलो, तर तो तिच्यावर अन्याय होतो.

कृष्णाकाठ

मुलीबद्दलचा प्रश्न बरोबर आहे. मुकादमाची उचल फिटत नाही हे मी पाहतोच. त्या बाया पोरींच्या शाळेबद्दल काय बोलतात तेही ऐकलंय.

लेखणी_आणि_चहा

माझा राग वेगळा आहे. आमच्या कंपनीत दर शुक्रवारी 'कृतज्ञता भिंत'. प्रत्येकाने चिठ्ठी लावायची, न लावणाऱ्याला मॅनेजर विचारणार. त्याच महिन्यात दोन माणसं कमी करून त्यांचं काम आमच्यावर टाकलं. वर वक्ता आला आणि म्हणाला, तुमच्या सुखातला चाळीस टक्के भाग पूर्णपणे तुमच्या हातात आहे, परिस्थितीचा वाटा फक्त दहा टक्के. हे शास्त्र आहे का?

आकडेमोड

हे आकडे एका वर्तुळाचे तुकडे करून दाखवतात. त्या वर्तुळाचा उगम २००५ च्या ल्युबोमिर्स्की, शेल्डन आणि श्केड यांच्या लेखात आहे: ५० टक्के अनुवंश, १० परिस्थिती, ४० आपल्या कृती. हे आकडे लोकसंख्येतल्या फरकांची वाटणी सांगतात, एका माणसाच्या सुखाची फाळणी नाही. शिवाय ४० हा उरलेला भाग होता, थेट मोजलेला नव्हे. शेल्डन आणि ल्युबोमिर्स्की यांनीच २०१९ मध्ये या वर्तुळाचा फेरविचार करून त्यावरच्या टीकेतला पुष्कळ भाग मान्य केला.

त्याहून वाईट उदाहरण २.९०१३ चं. फ्रेडरिकसन आणि लोसाडा यांनी २००५ मध्ये दावा केला की नकारात्मक भावनांच्या तुलनेत सकारात्मक भावना २.९०१३ पटीच्या वर गेल्या की माणूस बहरतो. चार दशांश स्थळं, भावनांच्या गुणोत्तराला! गणित घेतलं होतं द्रवांच्या प्रवाहाच्या समीकरणांवरून. निक ब्राउन नावाच्या, पन्नाशी ओलांडून या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायला आलेल्या विद्यार्थ्याला हे पटेना. त्याने भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकल आणि मानसशास्त्रज्ञ हॅरिस फ्रीडमन यांना सोबत घेतलं आणि २०१३ मध्ये ते गणित पूर्ण मोडीत काढलं. गणिताचा तो भाग अधिकृतपणे मागे घेतला गेला.

रानजाई

लेखणी, तुमचा राग योग्य आहे आणि शास्त्र तुमच्याच बाजूने उभं आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या कामानुसार माणसाच्या मनाला तीन गोष्टी अन्नासारख्या लागतात: आपल्या मर्जीने वागल्याची भावना, काही जमतंय ही भावना, आणि आपण कुणाचे तरी आहोत ही भावना. सक्तीची कृतज्ञता पहिलीवरच घाव घालते. भिंत काढून टाका आणि कामाचं वाटप तुमच्याशी बोलून करा, असं एखादा वक्ता म्हणाला असता तर तो सकारात्मक मानसशास्त्र बोलला असता.

निशिगंध

बराच वेळ नुसती वाचत होते. मला नैराश्याचं निदान झालेलं आहे, औषधं चालू आहेत. 'रोज तीन चांगल्या गोष्टी लिही' असं मैत्रिणीने सुचवलं. लिहायला बसले की काहीच आठवत नाही, आणि मग इतकं असूनही मला कृतज्ञ वाटत नाही म्हणून स्वतःचीच लाज वाटते. हे माझ्यातच काही कमी आहे का?

रानजाई

निशिगंध, तुमच्यात काही कमी नाही. ही गोष्ट मी ठामपणे सांगते.

तीन गोष्टींचा तो प्रयोग २००५ चा, सेलिगमन आणि सहकाऱ्यांचा. इंटरनेटवरून स्वतःहून आलेल्या लोकांवर झाला. सहा महिन्यांनी सरासरीत फायदा दिसला, पण तो सराव स्वतःच्या हौसेने चालू ठेवणाऱ्यांना जास्त झाला. सरासरीतला फायदा प्रत्येकाला लागू पडत नाही. आयरिस मॉस यांच्या २०११ च्या कामात असंही दिसलं की सुखाला फार किंमत देऊन त्याच्या मागे लागणारे लोक सुखाच्या प्रसंगीच जास्त हिरमुसतात, कारण हवं तितकं सुखी वाटत नाही याचीच त्यांना निराशा होते. तुम्हाला येणारी लाज त्याच जातीची वाटते.

वही बाजूला ठेवा. औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, आणि हा वहीचा अनुभव त्यांना जसाच्या तसा सांगा. मधल्या वेळी फार जड झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं.

सह्यकडा

निशिगंध, इथे लिहिलंत हे फार बरं केलंत.

जुना_पेठकर

आमच्या पिढीला हे सगळं कि. मो. फडके आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यामुळे विवेकनिष्ठ विचारपद्धतीतून ओळखीचं आहे. अल्बर्ट एलिसचं तेच हे नाही का?

रानजाई

नातं आहे, पण ते आणि हे एक नव्हे. एलिसने १९५५ पासून जे उभं केलं ती उपचारपद्धती आहे: अविवेकी समज ओळखा, त्याच्याशी वाद घाला. इथे वादापेक्षा मोजणीवर भर आहे. बाकी एलिस 'सगळं छान होईल' असं कधीच म्हणाला नसता, आणि तो कणखरपणा मला जास्त जवळचा वाटतो.

वारणेकाठचा

मॅडम, नमस्कार. निवृत्त शिक्षक आहे. आमच्या भागातला ज्येष्ठ नागरिक संघ जवळच्या वृद्धाश्रमासाठी एक उपक्रम ठरवतोय. उन्हाळी सुट्टीत कॉलेजची मुलं पाठवायची, आजी-आजोबांशी गप्पा मारायला. दीड महिना. तुमच्या शास्त्रात याबद्दल काही आहे का?

रानजाई

सर, नमस्कार. आहे, आणि सुरुवात करण्याआधी विचारलंत हे फार चांगलं झालं.

१९७६ मध्ये रिचर्ड शुल्झने जवळपास हेच केलं. कॉलेजचे विद्यार्थी वृद्धनिवासात भेटीला गेले. काही वृद्धांनी भेट कधी आणि किती वेळ ते स्वतः ठरवलं. काहींना वेळ आधी कळवली जाई. काहींकडे मुलं अचानक येत. काहींकडे कुणीच आलं नाही. ज्यांनी ठरवलं किंवा ज्यांना आधी कळलं, त्यांची तब्येत, उत्साह, हालचाल इतर दोन गटांपेक्षा चांगली राहिली. अचानक येणाऱ्या भेटींचा उपयोग जवळपास शून्य.

पण १९७८ मध्ये शुल्झ आणि बार्बरा हानुसा यांनी पुढचं छापलं. अभ्यास संपला, मुलं यायची थांबली, आणि जे दोन गट सुधारले होते तेच झपाट्याने खाली घसरले. इतर गट होते तिथेच राहिले.

त्याच सुमारास एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी कनेटिकटच्या वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या रहिवाशांना स्वतः जपायला रोप दिलं, सिनेमा कोणत्या रात्री बघायचा ते ठरवू दिलं. दुसऱ्या मजल्यावर तेच सगळं कर्मचाऱ्यांनी करून दिलं. पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त सावध आणि मिसळणारी झाली, दीड वर्षाने पाहिलं तेव्हाही फरक होता. त्या मजल्यावर मृत्यू कमी झाले असंही छापून आलं होतं. त्याच्या आकडेमोडीत पुढे दुरुस्ती करावी लागली आणि तो दावा डळमळला, त्यामुळे तो मी कुणाला सांगत नाही. रोपाचा फरक मात्र शुल्झच्या निष्कर्षाशी जुळतो. ताबा स्वतःच्याच हातात, आणि कुणी येणं थांबलं म्हणून तो हिरावला जात नाही.

म्हणून दीड महिन्याचा उपक्रम करू नका, असं मी स्पष्ट सांगेन. मुलं कमी चालतील, पण वर्षभर यायला हवीत. आणि कोणत्या वारी, किती वाजता, कोण, हे आजी-आजोबांनी ठरवायचं. 'आज नको' म्हणायची मुभाही त्यांनाच.

वारणेकाठचा

मॅडम, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. रविवारी बैठक आहे. सुट्टीतली मोठी तुकडी रद्द करून, गावातच राहणारी आणि शिक्षण इथेच घेणारी मुलं शोधावीत असं मांडतो. वारांचा तक्ता वृद्धाश्रमाच्या जेवणघरात लावला आणि ज्याने त्याने आपल्या हाताने नाव-वेळ लिहिली, तर चालेल का? काहींना लिहिता येत नाही.

रानजाई

चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं आणि मुलाने त्यांच्यासमोर लिहून वाचून दाखवायचं. ज्या मुलाला परगावी जावं लागेल त्याने आधी येऊन तसं सांगावं आणि पुढच्या मुलाची ओळख स्वतः करून द्यावी, एवढं बैठकीत पक्कं करून घ्या.

लेखणी_आणि_चहा

वारणेकाठचे सर, व्यक्तिगत निरोप बघा. माझा भाऊ तुमच्याच भागात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याच्याशी बोलून कळवते.